ग्रंथतुला आणि तेरा किलो

“सर, चप्पल काढा आणि काट्यावर उभे राहा,” संग्राम म्हणाला.

मी चप्पल काढली. मग चष्मा काढला. मनगटावरचं घड्याळ काढलं, शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा खुर्चीवर ठेवला, खिशातलं पेन काढलं. आता स्वेटरही काढावा की काय, असा विचार करत होतो तेवढ्यात तो म्हणाला, “राहू द्या सर. पेनाने काही फरक पडत नाही.”

मी काट्यावर चढलो आणि डोळे मिटून घेतले. काटा बोलत नव्हता, पण खालची फळी बोलली. संग्रामने आकडा बघितला, एका चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठीची घडी घालून माझ्या हातात दिली. मी ती खिडकीपाशी जाऊन उघडली. एकशे चार.

तो जानेवारीचा पहिला आठवडा होता. मी, बाळगोंडा मगदूम, सांगलीजवळच्या आमच्या गावातल्या हायस्कुलाचा मुख्याध्यापक, वय सत्तावन्न वर्षं आठ महिने, आयुष्यात पहिल्यांदा जिममध्ये आलो होतो. जिम म्हणजे बी-बियाणांच्या दुकानावरचा एक लांबट हॉल. संग्राम सुतार हा त्याचा मालक, शिक्षक आणि झाडूवालाही. कधी काळी तो माझा विद्यार्थी होता. आता एकतीस-बत्तीस वर्षांचा, अंगाने शिसवी दांडक्यासारखा कणखर. गावात माझा विद्यार्थी नसलेला माणूस शोधावा लागतो, त्यामुळे त्याचं मला काही विशेष वाटलं नव्हतं.

“कशासाठी कमी करायचंय सर? डॉक्टरांनी सांगितलं?”

“हो. बीपी आहे,” मी म्हणालो.

बीपी होतं. पण ते दहा वर्षं होतं आणि दहा वर्षं मी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. खरं कारण वेगळं होतं. एप्रिलअखेर मी निवृत्त होणार होतो आणि माजी विद्यार्थ्यांनी माझी ग्रंथतुला करायचं ठरवलं होतं. मोठ्या तराजूच्या एका पारड्यात मी बसायचं, दुसऱ्यात माझ्या वजनाइतकी पुस्तकं घालायची आणि ती सगळी शाळेच्या लायब्ररीला द्यायची. कल्पना सुंदर होती. तीन वर्षांपूर्वीच्या महापुरात आमच्या लायब्ररीत पाच दिवस पाणी होतं. साडेतीन हजार पुस्तकांतली जेमतेम दोनशे वाचली. ग्रंथपाल मुजावर मॅडमनी ती व्हॉलीबॉलच्या जाळीवर चिमटे लावून वाळवली होती.

बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग कुणीतरी म्हणालं की हळदीच्या अडतीतला तराजू आणू, तो दोन क्विंटलपर्यंत घेतो. त्यावर मागून खसखस पिकली. मुद्दाम नव्हे, सहज. पण घरी येईपर्यंत ती माझ्या कानात होती. मी तीस वर्षं वर्गाला हसवलं होतं. माझ्या तासाला पोरं गणितासाठी नाही, माझ्या कोट्यांसाठी बसायची. पण वर्ग मला हसतोय, हे दृश्य मी कधी बघितलं नव्हतं. ते अख्ख्या गावासमोर, झेंडूच्या माळा लावलेल्या पारड्यात मांडी घालून बघायची माझी तयारी नव्हती.

म्हणून जिम.

पहिल्या दिवशी संग्रामने मला ट्रेडमिलवर चढवलं. पायाखालचा पट्टा सरकायला लागला आणि मी एसटीत उभ्याने जाणाऱ्या माणसासारखा दांडा घट्ट धरला.

“हात सोडा सर.”

“सोडले तर मी बियाणांच्या दुकानात जाईन.”

“नाही जात. समोर बघा.”

समोर आरसा होता. हा जिमवाल्यांचा एक दुष्टपणा आहे. माणूस ज्या गोष्टीपासून पळत असतो, तीच समोर लावून ठेवतात.

दुसऱ्या दिवशी डंबेल दिले. संग्राम मोजत होता. “नऊ, दहा, अकरा, बारा... अजून दोन.” मी दोन केले. “शाबास. अजून दोन.” मी तेही केले. “मस्त सर, आता शेवटचे दोन.”

मी डंबेल खाली ठेवले. “संग्राम, बारा म्हणालास. बारा अधिक दोन चौदा. चौदा अधिक दोन सोळा. तू कुणाकडे गणित शिकलास?”

तो हसला नाही. म्हणाला, “तुमच्याकडेच सर. उचला.”

मग खाण्याचा विषय निघाला. “सकाळी उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग खायचा.”

“अरे, आम्ही जैन. आमच्या घरात अंडं आलं तर मला घराबाहेर जावं लागेल.”

“हां. मग मोड आलेली मटकी. आणि संध्याकाळी उशिरा काही खाऊ नका.”

“आम्ही सूर्यास्ताच्या आत जेवतो.”

“मग वजन वाढलं कसं सर?”

हा प्रश्न मी घरी राजमतीला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितला. ती म्हणाली, “सूर्यास्तापर्यंत वेळ काय कमी असतो होय?” वीस वर्षं ती मला तूप कमी करा म्हणून सांगत होती. ते मी ऐकलं नाही आणि एका पोराचं एका दिवसात ऐकलं, याचा राग तिने माझ्या ताटावर काढला. चटणीच्या जागी काकडी आली, भाजीच्या जागी काकडी आली आणि एके दिवशी तर काकडीच्या जागीही काकडी आली, सोललेली.

पहिला आठवडा मला जिना उतरता येत नव्हता. शाळेत मी खडू पडला तर वर्गातल्या पोराला उचलायला सांगायचो. पण हळूहळू अंग ऐकायला लागलं. फेब्रुवारी संपता संपता सहा किलो गेले. मार्चच्या मध्यापर्यंत नऊ. दर सोमवारी संग्राम चिठ्ठी लिहायचा, घडी घालायचा, हातात द्यायचा. मला गंमत वाटायची. एवढं काय गुपित?

जिमची गोष्ट मी शाळेत कुणाला सांगितली नव्हती. पण एक दिवस मुजावर मॅडम पुस्तकांची यादी घेऊन केबिनमध्ये आल्या. हसीना मुजावर, बावीस वर्षं आमच्याकडे ग्रंथपाल. बारीक चणीच्या, आवाज त्याहून बारीक. यादीवर माझी सही घेता घेता त्यांचं लक्ष माझ्या पट्ट्याकडे गेलं. पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक होतं आणि पुढचं टोक वीतभर लोंबत होतं.

“सर, तब्येत बरी आहे ना?”

“उत्तम आहे. जरा व्यायाम सुरू केलाय.”

“किती झालं?”

“नऊ किलो,” मी अभिमानाने म्हणालो.

मॅडम खुर्चीत बसल्या. न विचारता त्या कधी बसत नसत. “सर, एका किलोत साधारण चार पुस्तकं बसतात. मी एकशे चारवर यादी केलीय.”

“एकशे चार तुम्हाला कसं कळलं?”

“अंदाजानं धरलं. चुकला का?”

मी घाईने पुढच्या पानावर सही केली.

“नऊ चोक छत्तीस,” त्या म्हणाल्या. “छत्तीस पुस्तकं म्हणजे बालविभागाचा अख्खा एक कप्पा. सर, तुम्ही एकट्यानं माझा बालविभाग उतरवला.”

“मॅडम, माझी तब्येत...”

“तब्येत मे महिन्यात कमी करा की. मी नको म्हणते का? एप्रिलपर्यंत तरी खा.”

त्या दिवसापासून माझ्यावर दोन्हीकडून मारा सुरू झाला. शाळेत मधल्या सुट्टीत मुजावर मॅडमकडून डब्यातून डिंकाचे लाडू यायचे, खजूर यायचे. एकदा त्या राजमतीला भेटायला घरी गेल्या आणि अर्धा तास बोलून आल्या. त्या रात्रीपासून राजमतीचीही द्विधा अवस्था झाली. एक दिवस काकडी, एक दिवस पुरणपोळी. “त्या बाईंचं बरोबर आहे हो,” ती म्हणायची, “पोरांची पुस्तकं आहेत.” मी म्हणायचो, “अगं, मग मी काय करू?” ती म्हणायची, “आज जेवा. उद्या बघू.” मी जेवायचो, सकाळी जाऊन पट्ट्यावर पळायचो आणि लायब्ररीची पुस्तकं घामाबरोबर वाहून जायची.

आणि अशात ती तलाठी बाईंची गोष्ट घडली.

गावात नव्या तलाठी आल्या होत्या, शेवंता ढाले नाव. पस्तिशीच्या, अंगाने भरपूर. एका सोमवारी सकाळी त्या नाव घालायला जिममध्ये आल्या. हॉलमध्ये दहाबारा जण होतो. तोवर मी तिथला जुना झालो होतो. मला व्यायाम करताना बोलता यायला लागलं होतं आणि बोलता आलं की मला राहवत नाही. बाई काट्यावर उभ्या राहिल्या, संग्राम चिठ्ठी लिहायला वाकला आणि मी व्यायामाच्या सायकलवरून म्हणालो, “संग्राम, सातबारा मोठा दिसतोय. तुझ्या रजिस्टरात मावेल ना?”

सगळा हॉल हसला. तलाठी बाईंना सातबारा, काय अचूक बसलं होतं! बाईसुद्धा हसल्या. त्यांनी चिठ्ठी घेतली, पाच मिनिटं ट्रेडमिलवर चालल्या, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेल्या.

मंगळवारी त्या आल्या नाहीत. बुधवारी नाहीत. गुरुवारी संग्रामने मला व्यायाम संपल्यावर थांबवलं आणि खाली जिन्यावर नेलं. दुकान अजून उघडलं नव्हतं. आम्ही पायऱ्यांवर बसलो.

“सर, क्विंटल म्हणजे किती किलो?”

“शंभर.”

“आणि पाऊण क्विंटल?”

“पंचाहत्तर. का रे?”

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “नववी ब. तुम्ही गुणोत्तराची उदाहरणं घेत होता. एका उदाहरणात क्विंटल आला. क्विंटल म्हणजे काय, कुणालाच सांगता येईना. तुम्ही मला उभं केलं. मला वाटलं, उत्तर विचारणार. मला येत होतं. तुम्ही वर्गाला म्हणालात, क्विंटल दाखवायला नाही, पण हा बघा, हा पाऊण क्विंटल.”

मी आठवायचा प्रयत्न केला. खरोखर केला. काही आठवेना.

“पंचेचाळीस पोरं हसली,” तो म्हणाला. “चूक तुमची अशी काहीच नव्हती म्हणा, माझं वजन खरंच तेवढं होतं. मधल्या सुट्टीपर्यंत माझं नाव पाऊण्या पडलं. मास्तरांनी ठेवलेलं नाव, ते काय पुसतंय होय? कबड्डीत पाऊण्या. प्रार्थनेला पाऊण्या. आमच्या घरी दूध घालणारा गवळीपण एक दिवस म्हणाला, पाऊण्या, पातेलं आण.”

“मला काही आठवत नाही रे,” मी म्हणालो.

“तुम्हाला कसं आठवेल सर? तुमचा तो तासातला एक विनोद. वर्षाच्या शेवटी मी शाळा सोडली. जतला मामाकडे गेलो. दाखल्यावर कारण लिहिलं होतं, वडिलांची बदली. सुताराची कुठं बदली होते का सर? खाली सही तुमची होती.”

खरं सांगतो, अशा क्षणी माणसाला काहीतरी शहाणं सुचावं. मला सुचलं ते एवढंच, “मग तू मला जिममध्ये घेतलंस कशाला?”

“घेणार नव्हतो. म्हणणार होतो की बॅच भरलीय. पण तुम्ही काट्यावर चढताना पेन काढून ठेवलंत आणि डोळे मिटलेत. मी मामाच्या गावच्या दवाखान्यात काट्यावर तसाच उभा राहायचो.” तो उठला, पँट झटकली. “माझं राहू द्या. जुनं झालं. पण त्या बाई पुन्हा आल्या पाहिजेत सर. माझ्या जिममधून माणूस असा गेलेला मला चालत नाही.”

मी त्याच दिवशी तलाठी कार्यालयात गेलो. रांगेत उभा राहिलो. पुढे सात जण होते आणि प्रत्येकाच्या कामात भावकीचं भांडण होतं. तासाभराने माझा नंबर लागला. बाई मान वर न करता म्हणाल्या, “गट नंबर?”

“उतारा नको, बाई. मी मगदूम. सोमवारी तुमच्याबद्दल घाणेरडं बोललो. माफी मागायला आलोय.”

त्यांनी पेन थांबवलं. मागच्या माणसाने कान पुढे केले. बाईंनी त्याला “जरा बाहेर थांबा” म्हटलं आणि मग म्हणाल्या, “सर, विनोद चांगला होता. मी घरी जाऊन माझ्या मिस्टरांना सांगितला. ते हसले. मग मी दीड तास रडले.”

“चूक झाली.”

“झाली. पण मी तुमच्यामुळं जिम सोडली असं वाटून घेऊ नका, एवढे काही तुम्ही मोठे नाही. उद्यापासून येते.” आणि लगेच, “नेक्स्ट!”

एवढं सोपं होतं ते. मी हलका होऊन बाहेर पडलो. आणि मनाशी ठरवलं की संग्रामचंही असंच फेडायचं, किंबहुना याहून मोठं. पंचेचाळीस पोरांसमोर बोललो होतो ना? मग पाचशे लोकांसमोर माफी मागायची. ग्रंथतुलेच्या दिवशी, स्टेजवरून. मला ते फार न्याय्य वाटलं. गणिताच्या मास्तराला दोन्ही बाजू सारख्या झाल्या की बरं वाटतं.

एप्रिलचा शेवटचा रविवार. शाळेच्या पटांगणात मांडव, स्टेजवर हळदीच्या अडतीतला तो तराजू, साखळ्यांना झेंडू. सकाळीच मी जिममध्ये चिठ्ठी उघडली होती, एक्क्याण्णव. तेरा किलो गेले, हे मांडवात शिरताच मुजावर मॅडमना मीच सांगून टाकलं होतं. नव्या सदऱ्यात मी पारड्यात बसलो तेव्हा मला आठवलं की ज्याची चार महिने धास्ती घेतली होती, ते हेच. पारडं खाली टेकलं, थोडं डुललं. कुणी हसलं नाही. उलट आमच्या शेजारची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “मास्तर वाळला गं बाई. घरात देत नाहीत का काय?” राजमती पहिल्या रांगेत लाल झाली.

पोरं, पोरी, त्यांचे आईबाप एकेक करून पुस्तक घेऊन यायचे, समोरच्या पारड्यात ठेवायचे. पुस्तकांचा ढीग वाढत गेला. मी हळूहळू वर उचलला गेलो. दोन्ही पारडी बरोबरीत आली. आमचे चित्रकलेचे चौगुले सर माइकवर आनंदाने ओरडले, “झाली! तुला पूर्ण झाली!”

“थांबा!” असा बारीक आवाज आला.

मुजावर मॅडम स्टेजवर आल्या होत्या. त्यांनी चौगुल्यांच्या हातातून माइक घेतला. बावीस वर्षांत त्या माइकवर बोलल्या नव्हत्या. “सरांचं वजन जानेवारीत एकशे चार होतं. मधल्या काळात सरांनी तेरा किलो परस्पर कमी केलेत. लायब्ररीला न विचारता. तेव्हा ते तेरा किलो इथं हजर करावेत, अशी माझी विनंती आहे.”

आणि बाजूने संग्राम आला. त्याच्या हातात जिममधल्या लोखंडी चकत्या होत्या. दहाची एक, अडीचची एक. त्याने त्या माझ्या मांडीवर ठेवल्या. अर्धा किलो उरत होता, त्यासाठी त्याने खिशातून बायकांच्या बॅचचं एक गुलाबी डंबेल काढलं आणि माझ्या हातात दिलं. धाडकन मी पुन्हा खाली आलो.

मग मात्र मांडव हसला. असा हसला की कनातीवरचे कावळे उडाले. मांडीवर चकत्या, हातात गुलाबी गदा, असा मी बसलेलो. आणि सांगायला हरकत नाही, मला मुळीच वाईट वाटलं नाही. मीच सगळ्यांत जास्त हसलो. मॅडमनी राखून ठेवलेली बावन्न पुस्तकं आणली, सगळी बालविभागाची, आणि एकेक करून पारड्यात ठेवली. पारडी सारखी झाली.

इथे मी थांबायला हवं होतं.

पण भाषणासाठी माइक माझ्याकडे आला. संग्राम चकत्या गोळा करून खाली उतरत होता. मी त्याचा हात धरला. “थांब,” म्हणालो आणि खिशातलं लिहिलेलं भाषण खिशातच ठेवलं. मी सगळं सांगितलं. नववी ब, क्विंटल, पाऊण्या, दाखला, सगळं. “मी या मुलाचा अपराधी आहे,” असं म्हणालो. खाली बायकांनी पदर डोळ्यांना लावले. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष उठून उभे राहिले. मला आतून एकदम स्वच्छ वाटलं, अंघोळ केल्यासारखं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून, संग्रामच्याच वर्गातला, पुण्याहून आलेला कुणीतरी दोन्ही हात उंचावून प्रेमाने ओरडला, “पाऊण्या झिंदाबाद!”

आणि त्याची सगळी बॅच उठली. “पाऊण्या! पाऊण्या!” लहान पोरांना काय, त्यांना नवा शब्द मिळाला. तीही नाचत ओरडायला लागली. मी संग्रामकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. त्याने हळूच माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि स्टेजच्या मागून उतरून गेला.

सत्काराचे हार काढून मी मागे धावलो. धावलो म्हणजे खरंच धावलो, हे चार महिन्यांपूर्वी जमलं नसतं. तो मांडवामागे आपल्या गाडीला चकत्यांची पिशवी बांधत होता.

“संग्राम...”

“सर, तलाठी बाईंची माफी मागायला कुठं गेला होता?”

“त्यांच्या ऑफिसात.”

“माणसं बाहेर काढली होती ना त्यांनी? टेबलापाशी बोलला ना?”

“हो.”

“मग मला स्टेजवर का?” तो पिशवीची गाठ मारत राहिला. “मला विचारलं होतं का, की तुझी गोष्ट सांगू का म्हणून? माझ्या बायकोला ते नाव माहीत नव्हतं सर. सात वर्षं झाली लग्नाला. ती तिसऱ्या रांगेत बसलीय. माझी पोरगी तुमच्या शाळेच्या प्राथमिक विभागात पहिलीला येणार आहे जूनमध्ये.”

मगाशी आत जे स्वच्छ वाटलं होतं, ते कुणाच्या पाण्याने धुतलं होतं, ते मला तेव्हा कळलं. त्याच्या पाण्याने. पुन्हा एकदा त्यालाच उभं केलं होतं मी, आणि पुन्हा टाळ्या मलाच मिळाल्या होत्या.

“टाळ्या छान पडल्या तुम्हाला,” तो म्हणाला, आणि गाडी सुरू करून गेला.

घरी राजमतीला सांगितलं. ती म्हणाली, “दोन दिवस जाऊ नका तिकडं. राग शमू दे.”

पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी गेलो. निवृत्त माणसाला दुसरं जायला तरी कुठे असतं? हॉल भरलेला होता. तलाठी बाई ट्रेडमिलवर होत्या. आदल्या दिवशीची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे मी दारात दिसल्याबरोबर सगळे एकदम फार मन लावून व्यायाम करायला लागले. संग्राम माझ्याकडे न बघता एका मशीनचा नट आवळत होता. मी चपला काढल्या, काट्याकडे गेलो नाही, त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“आज काय करू?” मी विचारलं.

त्याने नट आवळून पुरा केला. पाना खाली ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

“उठाबशा.”

“कान धरून?”

“नको. व्यायाम आहे,” तो म्हणाला. “शंभर. आणि मोठ्यानं मोजा सर, सगळ्यांना ऐकू जाऊ दे.”

मी हॉलच्या मधोमध उभा राहिलो आणि सुरुवात केली. एक. दोन. तीन. आधी काही जण गालात हसत होते. पंधरापर्यंत माझा आवाज मुख्याध्यापकाचा होता. पंचविसाला तो कारकुनाचा झाला. तिसाला तलाठी बाईंनी ट्रेडमिल बंद केलं आणि वळून बघायला लागल्या. पस्तीसला मांड्या थरथरू लागल्या. सदतीस आणि अडतीसच्या मध्ये मी एवढा वेळ घेतला की एक पोरगं म्हणालं, “सर, बास करा.” संग्राम हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभा होता. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीसला मी खाली गेलो आणि वर आलो, पण चव्वेचाळीसला खाली गेलो तो तिथेच बसलो. फरशीवर, फतकल मारून, सगळ्यांच्या मध्ये.

कुणी हसलं नाही. मला वाटतं, हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

संग्राम पुढे आला. माझ्यासमोर उभा राहिला.

“त्रेचाळीस झाल्या,” तो म्हणाला.

“माहीत आहे. मीच मोजत होतो.”

“मग राहिल्या किती?”

मी धापा टाकत म्हणालो, “सत्तावन्न.”

“त्या उद्या,” तो म्हणाला, आणि मला उठवायला त्याने हात पुढे केला.